बहिःस्थ परीक्षार्थी आणि त्याचा निबंध

परीक्षेच्या दालनांत निबंधाचा प्रश्न समोर येतांच ज्याचें मन क्षणभर गोंधळत नाहीं, असा विद्यार्थी विरळा. गणिताला रीत असते, इतिहासाला सनावळी असते, व्याकरणाला नियम असतात. निबंधाला काय असतें, हें मात्र नेमकें कोणी सांगत नाहीं. नित्य शाळेंत जाणाऱ्या मुलाची ही स्थिति, तर ज्यानें दहा-पंधरा वर्षांपूर्वीं शाळा सोडली, मध्यंतरीं मजुरी केली, संसार केला, दुकान सांभाळलें आणि आतां पुन्हां दहावीला बसण्याचें धैर्य केलें, त्याची स्थिति काय होत असेल याची कल्पना सहज करतां येईल. सरकारी भाषेंत अशा परीक्षार्थ्याला 'खासगी' किंवा 'बहिःस्थ' विद्यार्थी म्हणतात. लोकांच्या बोलण्यांत तो 'सतरा नंबरचा फॉर्म भरलेला' असतो. त्याला निबंध कां अवघड वाटतो, आणि खरें पाहतां तो त्याला सर्वांत सोपा कसा जाण्यासारखा आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे. विचार हवेंत राहूं नये म्हणून उदाहरणें एकाच गांवचीं घेतलीं आहेत. तें गांव नेरळ.

नेरळ हें रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यांतील गांव. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ सालीं सुरू झाला, तेव्हांपासून ह्या गांवाचें जिणें आगगाडीच्या वेळापत्रकाला बांधलेलें आहे. पहाटेच्या लोकलनें मुंबईकडे नोकरीला जाणारे, माथेरानच्या प्रवाशांवर पोट भरणारे टॅक्सीवाले, घोडेवाले आणि हमाल, आसपासच्या फार्महाऊसवर राखणदारी करणारे, भाताचीं खाचरें सांभाळणारे शेतकरी, आणि भोंवतालच्या वाड्यांतून रानभाजी, करवंदें व जांभळें टोपलींत घेऊन येणाऱ्या ठाकूर-कातकरी स्त्रिया, असा येथला माणसांचा मेळ आहे. यांतील पुष्कळांची शाळा मध्येंच सुटलेली असते. कारणें सांगावयास साधीं, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलीं. अनेक कातकरी कुटुंबें दिवाळी सरल्यावर वीटभट्टीच्या कामाला स्थलांतर करतात आणि पावसाळा तोंडावर आला म्हणजे परततात. मधले महिने मुलाच्या नांवापुढें शाळेच्या हजेरींत रिकामें घर राहतें. कोठें मुलीचें लग्न लवकर होतें, कोठें बापाच्या आजारपणांत थोरल्या मुलाला कामाला लागावें लागतें. पुढें वय वाढतें, जबाबदारी वाढते, आणि एक दिवस कोठल्याशा अर्जावर 'शिक्षण' ह्या शब्दापुढची जागा कोरी ठेवावी लागते. ती कोरी जागा मनाला लागते, आणि म्हणून माणूस पुन्हां पुस्तक उघडतो. दहावीच्या दाखल्यावांचून बारावी नाहीं, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतील बहुतेक अभ्यासक्रमहि नाहींत. पुढच्या कितीएक दारांची ती पहिलीच कडी आहे.

हा प्रयत्न ह्या मुलखाला नवा नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत आपल्या घरीं दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठीं रात्रशाळा चालविली. दिवसा कष्ट आणि दिवेलागणीनंतर अक्षर, ही रीत महाराष्ट्रांत तेव्हांपासूनची आहे. नेरळच्या डोक्यावरच्या माथेरानांत १ डिसेंबर १९१२ रोजीं जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल वकील झाले. पण केवळ वकिली करीत न बसतां त्यांनीं ह्याच परिसरांतील शेतकऱ्यांसाठीं धान्यकोठ्या आणि शाळा काढल्या. पुढें १९४२ च्या लढ्यांत आझाद दस्ता उभारून ते भूमिगत झाले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह त्यांना वीरमरण आलें. त्यांचें शौर्य सर्वांच्या स्मरणांत आहे. बंदुकीआधीं त्यांनीं लोकांच्या हातीं पाटी दिली, हेंहि स्मरणांत राहावें.

शाळेबाहेरच्या माणसाला दहावीच्या दाराशीं नेणाऱ्या वाटा आज एकाहून अधिक आहेत. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून नेहमींच्या विद्यार्थ्यांबरोबर तीच परीक्षा देतां येते. १९८९ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देतां येते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळानेंहि पांचवी, आठवी, दहावी आणि बारावी अशा पायऱ्या ठेवल्या आहेत. वाट कोणतीहि असो, स्वतःच्या शब्दांत सलग कांहीं लिहिण्याची वेळ भाषेच्या प्रश्नपत्रिकेंत येतेच. राज्य मंडळाच्या मराठी प्रथम भाषेच्या अलीकडील कृतिपत्रिकेंत ८० गुणांपैकीं २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत, आणि त्यांतले ८ गुण निबंधाला. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असे तीन प्रकार दिलेले असतात. त्यांतून एक निवडावयाचा. आठ गुण म्हणजे प्रश्नपत्रिकेचा एक दशांश. उत्तीर्ण होण्यास शंभरांत पस्तीस लागतात हें ध्यानांत घेतलें, म्हणजे कांठावर उभ्या असलेल्या माणसाला ह्या आठ गुणांची किंमत कळते. आणि त्यांचा विशेष असा कीं, त्यांचें उत्तर कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत छापलेलें नसतें. तें परीक्षार्थ्यानें घरून आणावयाचें असतें.

येथेंच चूक होते. उत्तर घरून आणावयाचें तें परीक्षार्थी बाजारांतून आणतो. समजा, नेरळ स्टेशनाबाहेर भाजी विकणारी एक बाई सतरा नंबरचा फॉर्म भरून तयारीला लागली आहे. तिला सरावासाठीं 'माझें गांव' हा विषय दिला. दुसऱ्या दिवशीं तिनें एका मार्गदर्शकांतून निबंध उतरून आणला. गांव निसर्गरम्य आहे, नदीकांठीं वसलेलें आहे, लोक गुण्यागोविंदानें नांदतात, झाडांवर पक्षी किलबिल करतात, मधोमध सुंदर देऊळ आहे. शिकविणारे गुरुजी विचारतात, “ताई, हें गांव कोणतें?” ती म्हणते, “नेरळ, सर.” “मग ह्यांत स्टेशन कोठें आहे? तुमची टोपली कोठें आहे?” बाई हंसते आणि म्हणते, “सर, टोपलीवर का कोणी निबंध लिहितं?”

ह्या एका प्रश्नांत सारी अडचण सांठविलेली आहे. शाळा सुटलेल्या माणसाची पक्की समजूत असते कीं, लिहिण्याजोगें जें कांहीं आहे तें शिकलेल्या लोकांजवळ आहे. आपलें काम, आपली वाट, आपलें घर हें बोलण्यापुरतें, कागदावर आणण्याच्या योग्यतेचें नव्हे. म्हणून तो दुसऱ्याचें गांव आपल्या नांवावर लिहितो. परीक्षकाच्या हातीं तेंच गांव शंभर वह्यांतून येतें. तीच नदी, तेच पक्षी. त्याला त्यांत माणूस दिसत नाहीं, आणि ज्यांत माणूस दिसत नाहीं त्या लिखाणाला तो जेमतेम गुण देतो.

आतां तीच बाई आपल्या टोपलीविषयीं लिहावयास बसली तर काय लिहील? कदाचित् असें: “जूनचा पहिला पाऊस पडला कीं डोंगरउतारावर शेवळें उगवतात. तीं काढावयास आम्ही पहाटे निघतों. शेवळांबरोबर काकडें द्यावीं लागतात, नाहींतर भाजी घशाला खाजते. मुंबईची नवी गिऱ्हाईक बाई नुसतीं शेवळें मागते, तेव्हां मी तिला काकडें फुकट देतें. कारण भाजी खाजली तर दोष माझ्या टोपलीला लागेल.” ह्या पांच वाक्यांत एकहि अलंकार नाहीं, एकहि अवघड शब्द नाहीं. तरी त्यांत ऋतु आहे, जागा आहे, काम आहे, त्या कामांतलें ज्ञान आहे आणि शेवटीं लिहिणारणीचा स्वभाव आहे. किलबिलाटाच्या वह्या तपासून थकलेल्या परीक्षकाच्या हातीं हा कागद पडला तर तो थांबून वाचील.

शाळा कमी झाली म्हणून सांगण्यासारखें कमी असतें, ही समजूत मराठी वाङ्मयानेंच खोटी ठरविली आहे. लक्ष्मीबाई टिळक यांना लहानपणीं शाळा मिळाली नाहीं. लिहिणें-वाचणें त्या लग्नानंतर घरींच शिकल्या. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं आणि आज मराठी गद्याच्या उत्तम ग्रंथांत त्यांची गणना होते. जें घडलें तें, जसें दिसलें तसें, घरांतल्या माणसाला सांगावें अशा रीतीनें त्यांनीं सांगितलें. बहिणाबाई चौधरी यांना तर अक्षरओळखहि नव्हती. त्यांनीं रचलेलीं गाणीं इतरांनीं टिपून ठेवलीं आणि तीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें बाहेर आलीं. प्रत्येक परीक्षार्थ्याला अशी प्रतिभा असते असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु डोळे उघडे ठेवून जगलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखें असतें, आणि तें शाळेच्या दाखल्याची वाट पाहत थांबलेलें नसतें, एवढें ह्या दोन उदाहरणांवरून खचित ठरतें.

मग प्रौढ परीक्षार्थ्याला उणीव असते ती कशाची? ती क्रमाची. बोलतांना माणूस मागें-पुढें करतो, विसरलेलें मध्येंच घालतो, ऐकणारा प्रश्न विचारून त्याला वाटेवर आणतो. कागदावर तो ऐकणारा नसतो. म्हणून लिहिण्यापूर्वीं पांच मिनिटें थांबावें आणि उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनें विषयासंबंधीं जें सुचेल तें एकेका शब्दानें टिपावें. असे आठ-दहा शब्द झाले म्हणजे त्यांतले विषयाला न लागणारे खोडावे. राहिलेल्यांना आंकडे घालावे. कधीं काळाचा क्रम बरा पडतो: सकाळ, दुपार, सांज. कधीं कारणाचा: आधीं काय घडलें, त्यामुळें पुढें काय झालें. कोणताहि एक क्रम धरावा आणि तो सोडूं नये. एका परिच्छेदांत एकच मुद्दा यावा. असे तीन-चार परिच्छेद झाले कीं निबंध उभा राहतो. कच्चें टिपण शेवटीं एक रेघ मारून रद्द करावें.

आरंभ आणि शेवट ह्या दोन जागीं परीक्षार्थी फार वेळ घालवितो. आरंभाला सुभाषित हवें, शेवटाला उपदेश हवा, असा एक समज रूढ आहे. पाठ केलेलें सुभाषित अर्धवट आठवतें आणि तेथेंच धीर सुटतो. त्यापेक्षां पहिल्या वाक्यांत वाचणाऱ्याला एखाद्या जागीं नेऊन उभें करावें. 'पहांटे पांच वाजतां नेरळच्या फलाटावर दिवे जळत असतात' असें साधें वाक्य विषयांत पाऊल टाकतें. 'मानवी जीवनांत प्रवासाला अनन्यसाधारण महत्त्व आहे' हें वाक्य दारांतच घोटाळत राहतें. शेवटींहि, सांगितलेलेंच पुन्हां न सांगतां, क्रमांतली शेवटची गोष्ट नीट सांगून थांबावें.

आतां तिन्ही प्रकारांकडे वळावें. प्रसंगलेखनांत बहुधा एक चौकट दिलेली असते. अमुक विद्यालयांत अमुक दिवशीं वृक्षारोपणाचा किंवा बक्षीस-समारंभाचा कार्यक्रम आहे. त्याला तुम्ही हजर होतां असें समजून लिहा. येथें बहिःस्थ परीक्षार्थी अडखळतो, कारण त्याला विद्यालयच नाहीं. तो बिचकतो आणि व्यासपीठ, हार, प्रमुख पाहुणे, टाळ्या अशी यादी करून मोकळा होतो. वास्तविक तो कोठें ना कोठें हजर राहिलेला असतो. मुलाच्या शाळेंत १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला आई म्हणून ती उभी राहिलेली असते. ग्रामसभेंत मागच्या रांगेंत बसलेली असते. चौकटींतलीं नांवें, तारीख आणि स्थळ जशींच्या तशीं घ्यावींत, कारण तीं सुटलीं तर गुण जातात. आंतला तपशील मात्र स्वतः पाहिलेला भरावा. पावसानें भिजलेल्या मैदानावर खड्डा खणतांना कुदळ दगडावर कशी आदळते, पाहुण्यांच्या भाषणाच्या वेळीं लहान मुलें चिखलांत काय करतात, रोप लावून झाल्यावर 'याला उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार' असा प्रश्न कोणा म्हाताऱ्यानें कसा विचारला, हें ज्याला लिहितां येईल त्याच्या कार्यक्रमावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

आत्मकथनांत एखादी वस्तु, प्राणी किंवा झाड स्वतःची कथा सांगतें. नेरळकराला यासाठीं माथेरानच्या छोट्या गाडीइतका चांगला विषय मिळणें कठीण. तिची माहिती गांवांत सर्वांना थोडीबहुत असते. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकारानें बांधलेला हा मार्ग १९०७ सालीं सुरू झाला. रुळांमधलें अंतर अवघें दोन फूट, लांबी सुमारें २१ किलोमीटर. जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज हीं वाटेवरचीं ठाणीं. साऱ्या घाटांत एकच लहानसा बोगदा. पावसाळ्यांत नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनें मार्गाची दैना केली आणि गाडी पुन्हां धांवावयास २००७ साल उजाडावें लागलें. २०१९ च्या पावसानें पुन्हां तेंच झालें; नेरळहून गाडी सुटावयास २०२२ चा ऑक्टोबर यावा लागला.

ही झाली माहिती. हें आत्मकथन नव्हे. हीच वाक्यें 'मी' लावून लिहिलीं म्हणजे गाडी बोलूं लागत नाहीं. गाडीला बोलतें करावयाचें तर तिला कांहीं आवडलें पाहिजे आणि कांहीं खुपलें पाहिजे. वळणावर मुलें खिडकीबाहेर हात काढतात तेव्हां तिला काय वाटतें? शेजारच्या फलाटावरून लोकल धडधडत निघून जाते, तेव्हां आपल्या संथ चालीची तिला लाज वाटते कीं अभिमान? आणि रूळ उखडले गेल्यावर वर्षानुवर्षें खालीं उभें राहावें लागलें, तेव्हां तिनें काय केलें? ह्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर नित्य शाळेंत जाणाऱ्या मुलाला कल्पनेनें रचावें लागेल. ज्याची शाळा मध्येंच सुटली, बरोबरीचे पुढें गेले आणि ज्यानें पुष्कळ वर्षांनीं पुन्हां चाल धरली, त्याला तें ठाऊकच आहे. तो स्वतःविषयीं एक शब्दहि न लिहितां तें गाडीच्या तोंडून सांगूं शकेल. असा निबंध मार्गदर्शकांत सांपडणार नाहीं.

वैचारिक लेखनाला परीक्षार्थी सर्वांत अधिक भितो. कारण विचार म्हणजे मोठे शब्द असें त्याला वाटतें. विचार म्हणजे एका प्रश्नाच्या दोन्ही बाजू प्रामाणिकपणें पाहून आपलें मत कारणासह सांगणें. विषय 'श्रमाची प्रतिष्ठा' असा आला तर पुन्हां माथेरानकडे पाहावें. तेथें मोटारींना बंदी. म्हणून प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या घोड्यावरून किंवा माणसानें ओढलेल्या हातरिक्षेंतून जात आले. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरवून हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांचें विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या द्वारें पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. आतां पहिल्या परिच्छेदांत एक बाजू मांडावी: माणसानें माणसाला चढणीवर ओढून न्यावें हें कोणत्याहि दृष्टीनें शोभत नाहीं, ओढणाऱ्याची छाती आणि गुडघे वयाच्या आधीं झिजतात. दुसऱ्यांत दुसरी बाजू तितक्याच जोरानें मांडावी: ज्याच्या घरची चूल त्या दांड्यावर पेटते, त्याला दुसरें साधन हातीं येण्यापूर्वीं तो दांडा सोडावयास सांगणें हेंहि सोपें नाहीं. तिसऱ्यांत आपलें मत सांगावें आणि 'कारण' हा शब्द अवश्य लिहावा. ज्यानें स्वतः ओझें वाहिलें आहे, त्याच्या मताला येथें वजन येतें. दुसरी बाजू गाळून एकीचेंच गुणगान केलें तर तो विचार होत नाहीं, ती घोषणा होते. आणि परीक्षक घोषणेला विचाराचे गुण देत नाहीं.

भाषेविषयीं दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. परीक्षेंत प्रमाण मराठी अपेक्षित असते, आणि ह्या भागांतल्या पुष्कळांच्या घरची बोली आगरी, ठाकरी किंवा कातकरी असते. आगरी बोलींत 'ण' चा 'न' आणि 'ळ' चा 'ल' होतो. 'पाणी' चें 'पानी' आणि 'डोळा' चा 'डोला'. हा बोलीचा दोष नव्हे, तिचा स्वभाव आहे. ती बोली लाजेनें टाकून द्यावी असें कोणी सांगूं नये. परंतु उत्तरपत्रिकेंत त्यामुळें गुण जातात, हेंहि खरें. यावर उपाय साधा आहे. आपण नेहमीं चुकतो असे तीस-चाळीस शब्द वहीच्या एका पानावर लिहून ठेवावे आणि तें पान रोज एकदां मोठ्यानें वाचावें. शिवाय निबंधांत कोणी बोलत असेल तर त्याचें बोलणें अवतरणचिन्हांत घालून त्याच्याच बोलींत लिहावें. तेथें तें चूक न ठरतां शोभा ठरतें.

शुद्धलेखनाचा बाऊ पुष्कळ केला जातो, पण एक नियम नीट कळला तरी निम्म्या चुका टळतात. 'फूल' मध्यें 'फू' दीर्घ, पण 'फुलाला' म्हणतांच तो ऱ्हस्व होतो. 'ऊस' पण 'उसाचा'. 'गरीब' पण 'गरिबाला'. शब्दाला प्रत्यय लागला कीं आधींचा दीर्घ इकार-उकार आंखडतो, एवढें कानांत बसवावें. वाक्यें आंखूड ठेवावींत. ज्या शब्दाचा अर्थ विचारला असतां सांगतां येणार नाहीं, तो शब्द कितीहि भारदस्त दिसला तरी लिहूं नये. 'अनन्यसाधारण' लिहून चुकण्यापेक्षां 'फार मोठें' लिहून बरोबर राहणें शहाणपणाचें.

वेळेचाहि हिशेब हवा. तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेंत एक दशांश गुणांच्या प्रश्नाला अठरा मिनिटें वांट्याला येतात. सात मिनिटें इतर प्रश्नांतून वांचवून ती पंचवीस करावींत: पांच टिपणाला, पंधरा लिहिण्याला आणि उरलेलीं पांच पुन्हां वाचण्याला. शेवटचीं पांच मिनिटें बहुतेक जण गाळतात, आणि सुटलेला शब्द, राहिलेला पूर्णविराम, दोनदां लिहिलेली ओळ हें सारें तेथेंच सांपडावयाचें असतें. पुष्कळ वर्षें पेन न धरलेल्या हाताला तीन तास लिहिण्याची संवय नसते. बोटें दुखतात, अक्षर बिघडतें. म्हणून परीक्षेच्या आधींचे तीन-चार महिने रोज दहा ओळी लिहिण्याचा नेम ठेवावा. विषय शोधीत बसूं नये. आज गाडी कां उशिरां आली, बाजारांत टोमॅटोचा भाव कां पडला, शेजारच्या घरीं कोणता पाहुणा आला, यावर दहा ओळी लिहाव्या. रेडिओवरच्या सकाळच्या बातम्या ऐकून त्यांतली एक बातमी स्वतःच्या शब्दांत पांच ओळींत उतरावी. एखाद्याला वाटेल कीं हा पोरखेळ आहे. पण क्रम ह्यांतूनच हाताला लागतो.

लिहिलेलें कोणाला तरी दाखवावें. गांवांत गुरुजी असतात, आणि घरांतहि असतात. नेरळांत काय किंवा अन्यत्र काय, नववी-दहावींतली मुलगी आपल्या आईची वही तपासते असें दृश्य आतां दुर्मिळ नाहीं. अशा लहान गुरुजनांना एकच सांगणें आहे. चुकांना लाल रेघ मारण्यापूर्वीं वहींतली एक चांगली ओळ शोधावी आणि ती आधीं वाचून दाखवावी. “आई, हें शेवळांचं छान लिहिलंस, फक्त इथं पूर्णविराम दे,” एवढें म्हटलें कीं दुसऱ्या दिवशींच्या दहा ओळी आपोआप येतात. ज्याला लहानपणीं वर्गांत हंसलें गेलें आणि त्यामुळें शाळाच नकोशी झाली, अशा माणसाला उतारवयांत पुन्हां हंसूं नये, हें शिकविणाराचें पहिलें कर्तव्य होय.

निबंधाचे आठ गुण निकालाबरोबर संपतात. ती शक्ति मात्र संपत नाहीं. ज्या बाईला आपल्या टोपलीविषयीं एक पान क्रमानें लिहितां आलें, तिला वाडींतल्या बंद पडलेल्या नळाविषयीं ग्रामपंचायतीला अर्जहि लिहितां येईल: नळ कधीं बंद पडला, किती घरांना पाणी मिळत नाहीं, कोणाला केव्हां सांगितलें आणि काय व्हावें अशी मागणी आहे. आजवर असे अर्ज तिच्यासाठीं दुसऱ्या कोणी लिहिले आणि तिनें खालीं अंगठा किंवा सही केली. पुढचा अर्ज ती स्वतः लिहील, आणि त्यांतलें गांव तिचें स्वतःचें असेल.